एका बेस स्टेशनवर अनेक वापरकर्ते: शेड्युलर नेमके काय वाटतो?

प्रश्न असा आहे. एम. टेक.च्या प्रकल्पासाठी एका बेस स्टेशनकडून वीस मोबाइलना डेटा पाठवण्याचे सिम्युलेशन केले आहे. कोणाला कधी पाठवायचे हे ठरवणाऱ्या शेड्युलरच्या तीन पद्धती त्यात तपासल्या आहेत: पाळीपाळीने प्रत्येकाला वेळेचा तुकडा, म्हणजे स्लॉट, देणारी राउंड रॉबिन, त्या क्षणी ज्याचा दर सर्वाधिक असेल त्यालाच देणारी मॅक्स रेट आणि स्वतःच्या सरासरीच्या तुलनेत ज्याचा दर त्या क्षणी सर्वाधिक चढलेला असेल त्याला देणारी प्रपोर्शनल फेअर. प्रपोर्शनल फेअरला पुस्तकात न्याय्य म्हटले असले, तरी सेलच्या, म्हणजे एका बेस स्टेशनच्या टप्प्याच्या, कडेवरचा वापरकर्ता टॉवरजवळच्या वापरकर्त्याच्या दहापट मागे राहतो. सिम्युलेशन चुकले आहे का, आणि प्रत्यक्ष नेटवर्कमध्ये यांपैकी कोणती पद्धत वापरतात?

सिम्युलेशन बहुधा बरोबर आहे. प्रपोर्शनल फेअर पद्धत सर्वांना साधारण सारखा वेळ देते. त्या वेळात किती बिट जातील हे ज्याच्या त्याच्या सिग्नलवर अवलंबून राहते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लांबते, कारण पुस्तकातली शुद्ध प्रपोर्शनल फेअर कोणत्याही मोठ्या नेटवर्कमध्ये जशीच्या तशी चालत नाही. तिचा सांगाडा वापरतात, पण त्यावर रांगेची लांबी, पॅकेटची मुदत आणि सेवेचा प्रकार यांचा विचार चढवावा लागतो. तसे का करावे लागते याचे मूळ तुमच्या सिम्युलेशनमधल्या एका गृहीतकात असावे असे मला वाटते: प्रत्येक वापरकर्त्यासाठी बेस स्टेशनवर कायमच डेटा शिल्लक आहे, म्हणजे बफर सदैव भरलेला आहे. या गृहीतकापर्यंत मी टप्प्याटप्प्याने येतो.

आधी निर्णय कशाचा आहे ते पाहू. एलटीईमध्ये, म्हणजे ४जीमध्ये, २० मेगाहर्ट्झच्या कॅरियरचे (वारंवारितेच्या पट्ट्याचे) प्रत्येकी १८० किलोहर्ट्झ रुंदीचे १०० रिसोर्स ब्लॉक होतात आणि दर १ मिलिसेकंदाला ते नव्याने वाटले जातात. भारतात ५जीसाठी ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १०० मेगाहर्ट्झचा कॅरियर वापरला, तर ३० किलोहर्ट्झच्या अंतराने २७३ ब्लॉक मिळतात आणि स्लॉट ०.५ मिलिसेकंदाचा होतो. प्रत्येक मोबाइल आपला चॅनेल कसा आहे हे ० ते १५ या सीक्यूआय आकड्याने कळवत राहतो. त्या आकड्यावरून बेस स्टेशन कोणते मॉड्युलेशन आणि कोडिंग झेपेल ते ठरवते. म्हणजे अर्ध्या किंवा एका मिलिसेकंदात कोणाला, कोणते ब्लॉक, कोणत्या दराने द्यायचे, हे तीनही निर्णय एकत्र घ्यायचे असतात.

आता सर्वांत साधे उदाहरण घेऊ. दोनच वापरकर्ते आहेत. टॉवरजवळच्या 'अ'ला पूर्ण वेळ दिला तर ४० मेगाबिट प्रतिसेकंद मिळतात, कडेवरच्या 'ब'ला पूर्ण वेळ दिला तर ४. राउंड रॉबिनने दोघांना निम्मा वेळ मिळेल, म्हणून अ ला २० आणि ब ला २, एकूण २२. मॅक्स रेटने अ ला ४० आणि ब ला शून्य. दोघांना सारखाच दर द्यायचा आग्रह धरला तर अकरापैकी दहा भाग वेळ ब ला द्यावा लागतो आणि दोघेही ३.६४ वर येतात, एकूण ७.२७. चढउतार नसलेल्या अशा चॅनेलवर प्रपोर्शनल फेअरचे उत्तर राउंड रॉबिनइतकेच येते, २० आणि २. तुमचे 'दहापट' ते हेच. सामाईक विहिरीवर दोन भावांनी मोटरच्या तासांच्या पाळ्या सारख्या वाटून घेतल्या, तरी ज्याची मोटर मोठी त्याच्या शेतात पाणी जास्त जाते. इथली वाटणीही तासांची आहे.

मग न्याय मोजायचा कशावर? राज जैन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मांडलेला निर्देशांक तुम्ही वापरला असेलच; सर्वांना सारखे मिळाले तर तो १ असतो आणि विषमता वाढेल तसा घटतो. २० आणि २ या दरांवर तो सुमारे ०.६० येतो, आणि त्याच वाटपातल्या निम्म्या-निम्म्या वेळांवर बरोबर १. शेड्युलर तोच, वाटप तेच, फक्त मोजण्याची वस्तू बदलली. म्हणून अहवालात निर्देशांकाचा आकडा देताना तो दरावर काढला की वेळेवर, हे लिहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. हे लिहायचे राहून गेलेले प्रबंध मी बरेच वाचले आहेत.

सारख्या दराचा आग्रह किती महाग पडतो हे वाय-फायमध्ये जगाने अनुभवले आहे. ८०२.११बी मध्ये प्रत्येक यंत्राला पॅकेट पाठवण्याची संधी सारखी मिळत असे; परिणामी १ मेगाबिटवर चालणारा एक लॅपटॉप ११ मेगाबिटवरच्या सर्वांना जवळपास आपल्याच वेगावर ओढून आणत असे. फ्रान्समधील ग्रनोबल येथील संशोधकांनी २००३ मध्ये हा दोष नेमका मांडला. हवेतल्या वेळेची वाटणी सारखी करणे हा त्यावरचा उपाय, आणि लिनक्समधील वाय-फायसाठी तो २०१७ च्या सुमारास नीट तयार होऊन आला. मोबाइल नेटवर्क या फंदात पडलेच नाही, कारण तिथे पहिल्यापासून बेस स्टेशनच वेळेचा हिशेब ठेवत आले.

दोन टोकांच्या मधल्या जागाही निवडता येतात. मो आणि वॉलरँड यांनी २००० मध्ये एकाच अल्फा या चलाने ही सगळी साखळी मांडली: अल्फा शून्य असेल तर मॅक्स रेट, १ असेल तर प्रपोर्शनल फेअर, आणि तो वाढवत नेला की सारख्या दराकडे. आपल्या उदाहरणात अल्फा २ घेतला तर अ ला सुमारे २४ टक्के वेळ मिळतो. अ चा दर ९.६ आणि ब चा ३.०४ होतो. म्हणजे ब ला १ मेगाबिट वाढवून देण्यासाठी अ चे १० मेगाबिट गेले. हा सौदा करावा की नाही हे गणित सांगणार नाही. ते नेटवर्क चालवणाऱ्याने ठरवायचे असते आणि त्याने ते जाणूनबुजून ठरवावे असे माझे ठाम मत आहे.

आतापर्यंत चॅनेल स्थिर धरला. तो हलू लागला की प्रपोर्शनल फेअरचे खरे सामर्थ्य दिसते. अ चा दर निम्म्या वेळी २० आणि निम्म्या वेळी ६० आहे असे समजा, सरासरी ४०च. ब चा निम्म्या वेळी २ आणि निम्म्या वेळी ६, सरासरी ४च. दोघांचे चढउतार एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. डोळे मिटून पाळ्या दिल्या तर निकाल पूर्वीचाच, २० आणि २. प्रपोर्शनल फेअर मात्र प्रत्येक स्लॉटला 'या क्षणीचा दर भागिले स्वतःची आजवरची सरासरी' हे गुणोत्तर पाहते आणि ज्याचे मोठे त्याला स्लॉट देते. एकाचा चॅनेल चढलेला आणि दुसऱ्याचा उतरलेला असेल तेव्हा चढलेल्याला. दोघांची स्थिती सारखी असेल तेव्हा निम्मे-निम्मे. चारही शक्यतांची बेरीज केली की अ ला २५ आणि ब ला २.५ मिळतात. वेळ अजूनही दोघांना निम्मा-निम्माच आहे, तरी दोघांचाही दर २५ टक्क्यांनी वाढला. कोणाचे काढून कोणाला दिलेले नाही, आणि म्हणूनच या पद्धतीविषयी मला आदर आहे.

चढलेल्या चॅनेलवर स्वार होण्याची ही कल्पना नॉप आणि हम्ब्लेट यांच्या १९९५ च्या निबंधातून पुढे आली. फ्रँक केली यांनी १९९७-९८ मध्ये तारांच्या नेटवर्कसाठी सर्वांच्या दरांच्या लॉगॅरिदमची बेरीज जास्तीत जास्त करण्याचा निकष मांडला होता. हे दोन धागे डेव्हिड त्से आणि क्वालकॉममधील अभियंत्यांनी एकत्र विणले, आणि २००० च्या सुमारास सीडीएमएच्या एचडीआर या डेटा प्रणालीत, जी पुढे ईव्ही-डीओ म्हणून ओळखली गेली, प्रपोर्शनल फेअर शेड्युलर आला. तिथे स्लॉट १.६७ मिलिसेकंदाचा होता, बेस स्टेशन एका वेळी एकाच मोबाइलला पूर्ण शक्तीने पाठवत असे, आणि आपल्याला कोणता दर झेपेल हे मोबाइल स्वतः कळवत असे. आजच्या ५जीमधली चौकट तीच आहे, फक्त निर्णयांना वारंवारितेची आणि अँटेनांची आणखी दोन परिमाणे मिळाली आहेत.

हा फायदा कागदावर दिसतो तेवढा मैदानात मिळत नाही, आणि त्याची कारणे सिम्युलेशनमध्ये आणायला हवीत. रेले फेडिंगमध्ये (अनेक वाटांनी येणाऱ्या लहरींमुळे सिग्नलमध्ये होणाऱ्या चढउतारांच्या नेहमीच्या प्रतिमानात) दर सिग्नलच्या प्रमाणात वाढतो असे धरले, तर वापरकर्ते वाढतील तसा फायदा १ अधिक १/२ अधिक १/३ अशा मालिकेने वाढतो. चार जणांना २.०८ पट, दहा जणांना २.९३ पट. पण प्रत्यक्षात दर सिग्नलच्या लॉगॅरिदमने वाढतो, त्यामुळे टॉवरजवळच्या ज्यांचा सिग्नल आधीच भरपूर आहे त्यांना चढउतारातून फारसे काही मिळत नाही. दुसरे कारण सीक्यूआयचे वय. १८०० मेगाहर्ट्झवर पायी चालणाऱ्याचा डॉप्लर (हालचालीमुळे वारंवारितेत पडणारा फरक) साधारण ६ हर्ट्झ असतो आणि चॅनेल सुमारे ७० मिलिसेकंद ओळखीचा राहतो; मोबाइलने मोजून कळवायचे आणि बेस स्टेशनने त्यावर पाठवायचे, यात जाणारे काही मिलिसेकंद त्यापुढे नगण्य आहेत. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीत मात्र डॉप्लर १६७ हर्ट्झच्या आसपास जातो आणि चॅनेल अडीच मिलिसेकंदांत बदलतो. तिथे हाती येणारा सीक्यूआय शिळा असतो. त्या प्रवाशासाठी प्रपोर्शनल फेअर ही व्यवहारात राउंड रॉबिनच होते. तुम्ही सीक्यूआय त्याच स्लॉटला, विनाचूक आणि विनाउशीर मिळतो असे धरले असेल, तर फायद्याचा आकडा फुगलेला येणारच.

तिसरे कारण अलीकडचे आहे. २०२३ पासून आपल्याकडे ५जीवरून घरांना ब्रॉडबँड देण्याचे प्रमाण वाढले आहे. गच्चीवर किंवा भिंतीवर बसवलेला रिसीव्हर हलत नाही, त्याचा चॅनेल तासन्‌तास जवळपास तसाच राहतो, आणि त्या घरातला टीव्ही संध्याकाळभर डेटा ओढतो. चढउतारच नाही तर स्वार कशावर व्हायचे? विश्वनाथ, त्से आणि लारोया यांनी २००२ मध्ये अशा स्थिर वापरकर्त्यांसाठी बेस स्टेशनच्या अँटेनांचे फेज मुद्दाम हलवून कृत्रिम चढउतार निर्माण करण्याची सुंदर कल्पना मांडली होती. आजच्या बीमफॉर्मिंगमध्ये चॅनेल मोजून थेट किरण वळवता येत असल्याने तिची गरज कमी झाली आहे. घरगुती ब्रॉडबँड आणि हातातले मोबाइल यांना एकाच प्रपोर्शनल फेअर रांगेत सारखे वजन देऊ नये असे मला वाटते. सारखा वेळ ही कल्पना दोघांचा वापर साधारण एका जातीचा असेल तेव्हाच न्याय्य ठरते.

प्रपोर्शनल फेअरच्या गुणोत्तरातली सरासरी किती काळाची धरायची हा वरवर किरकोळ, पण निकाल उलटवणारा तपशील आहे. मूळ एचडीआर प्रणालीत १००० स्लॉट, म्हणजे सुमारे १.६७ सेकंदांची खिडकी होती. खिडकी फार लहान ठेवली तर एखादा स्लॉट मिळताच सरासरी उसळते, आपली पाळी मागे पडते आणि पद्धत राउंड रॉबिनकडे झुकते. फार मोठी ठेवली तर फायदा वाढतो, पण वाईट चॅनेलमध्ये सापडलेला माणूस काही सेकंद काहीही न मिळता थांबतो. याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, एखाद्याची रांग रिकामी असताना त्याची सरासरी घटत राहू द्यायची का? ती घटू दिली तर दहा सेकंद वेबपान वाचून परतलेल्या माणसाचे गुणोत्तर प्रचंड झालेले असते आणि तो आल्या आल्या सेल ताब्यात घेतो. गोठवून ठेवली तर पूर्वी मोठी फाइल उतरवलेल्याला पुढच्या छोट्या कामासाठीही मागे बसावे लागते. दोन्ही प्रकारची अंमलबजावणी मी पाहिली आहे. छोट्या कामांना झुकते माप मिळत असल्याने पहिली मला अधिक मानवते, मात्र गुणोत्तराला वरची मर्यादा हवी.

इथून आपण त्या भरलेल्या बफरकडे येतो. पुन्हा तेच अ आणि ब, स्थिर चॅनेलवर, पण आता प्रत्येकाला ४० मेगाबिटची एकच फाइल हवी आहे. सारख्या वेळाच्या वाटपाने अ ला २० च्या दराने २ सेकंद लागतात. तोवर ब चे ४ मेगाबिट झालेले असतात. उरलेले ३६ त्याला आता पूर्ण वेळ मिळाल्याने ९ सेकंदांत जातात. ब ची फाइल अकराव्या सेकंदाला संपते. मॅक्स रेटने अ चे काम १ सेकंदात होते आणि मग ब ला सलग १० सेकंद मिळतात. ब ची फाइल पुन्हा अकराव्या सेकंदालाच संपते. सारख्या दराने दोघांना ३.६४ मिळतात आणि दोघांच्याही फायली अकराव्या सेकंदाला संपतात. तीनही पद्धतींत ब चा शेवट एकच आहे. भरलेल्या बफरच्या सिम्युलेशनमध्ये ज्या पद्धतीने ब ला शून्य दिले होते, तिने इथे ब चे काहीही बिघडवले नाही, आणि जी सर्वांत न्याय्य दिसत होती तिने अ ला विनाकारण दहा सेकंद थांबवले.

यावरून मॅक्स रेटच उत्तम असा निष्कर्ष मात्र काढू नये. खऱ्या सेलमध्ये अ सारखे लोक येतच राहतात आणि त्यांची गर्दी असेल तोवर ब ला पाळी येत नाही. समजा, दर सेकंदाला सरासरी ०.५ अ-जातीच्या आणि ०.०४ ब-जातीच्या फायली यादृच्छिकपणे येतात. अ ची फाइल सेलचा १ सेकंद खाते, ब ची १० सेकंद. एकूण भार, म्हणजे सेल व्यस्त असण्याचा वाटा, ०.५ अधिक ०.४, म्हणजे ०.९. सारखा वेळ वाटणाऱ्या शेड्युलरखाली फाइल उतरायला लागणारा सरासरी वेळ हा एकट्याने लागणारा वेळ भागिले एक वजा भार इतका असतो. म्हणून अ ला १० सेकंद आणि ब ला १०० सेकंद. भार ०.५ असता तर हेच आकडे २ आणि २० आले असते. रात्री आठनंतर नेट मंदावल्याची तक्रार येते तेव्हा तिचे मूळ बहुतेक वेळा या भाजकात असते, आणि शेड्युलरचे चल फिरवून तो भाजक फारसा हलत नाही.

या उदाहरणातला आणखी एक आकडा मी माझ्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक नव्या अभियंत्याला मांडायला लावतो. ब-जातीच्या फायली संख्येने साडेसात टक्क्यांहूनही कमी आहेत, पण सेलचा वापरलेला ४४ टक्के वेळ त्या खातात. कडेवरच्या त्या थोड्या लोकांसाठी अँटेनाचा कल सुधारला, शेजारच्या सेलचा हस्तक्षेप कमी केला किंवा एक छोटा सेल बसवला आणि त्यांचा दर ४ वरून ८ झाला, तर त्यांचा भार ०.४ वरून ०.२ होतो, एकूण भार ०.७ होतो, आणि अ ची प्रतीक्षा १० सेकंदांवरून ३.३ वर येते. ज्या अ च्या सिग्नलला हातही लावला नाही त्याचे नेट तिप्पट वेगवान झाले. कडेवरच्या वापरकर्त्याला न्याय द्यायचा असेल तर त्याचा दर वाढवणे हा उपाय पहिला आणि त्याला जास्त वेळ देणे हा दुसरा, असे मी ठरवले आहे ते या हिशेबामुळे.

रांगेचा विचार थेट शेड्युलरच्या सूत्रात आणण्याचे काम टासिउलास आणि एफ्रेमिडीस यांनी १९९२ मध्ये केले होते, म्हणजे प्रपोर्शनल फेअरच्याही आधी. त्यांचा मॅक्सवेट नियम प्रत्येकाच्या रांगेची लांबी आणि या क्षणीचा दर यांचा गुणाकार करतो आणि मोठा गुणाकार निवडतो. कोणाकडे किती डेटा येणार आहे याचा अंदाज नसतानाही, कोणत्याही शेड्युलरला जो भार पेलता येणे शक्य आहे तो हा नियम पेलतो, हे त्यांनी सिद्ध केले. प्रपोर्शनल फेअरला अशी हमी नाही. मॅथ्यू अँड्र्यूज यांनी २००४ मध्ये दाखवून दिले की दुसऱ्या शेड्युलरला सहज झेपणाऱ्या काही परिस्थितींत प्रपोर्शनल फेअरखाली रांगा वाढतच जातात. मॅक्सवेटचीही एक अडचण आहे. ज्याच्या रांगेत एकच छोटे पॅकेट आहे आणि मागून काही येणार नाही, त्याचा गुणाकार कधी मोठा होतच नाही, आणि ते शेवटचे पॅकेट ताटकळत राहते. म्हणून बेल लॅब्जमधील संशोधकांनी २००१ च्या सुमारास रांगेच्या लांबीऐवजी सर्वांत पुढच्या पॅकेटने किती वेळ वाट पाहिली हे वजन वापरले. प्रत्यक्षात चालणाऱ्या शेड्युलरांमध्ये मुदत असलेल्या सेवांसाठी या कल्पनेचे कोणते ना कोणते रूप आढळते.

मुदतींचा तक्ता मानकातच आहे. एलटीईमध्ये व्होल्टीईच्या आवाजाला १०० मिलिसेकंदांची मुदत आणि शंभरात एक पॅकेट गमावण्याची मुभा आहे. सामान्य इंटरनेटला ३०० मिलिसेकंद, पण गमावण्याची मुभा दहा लाखांत एक. आवाजाचे छोटे पॅकेट दर २० मिलिसेकंदाला येते. ते चॅनेल चांगला होण्याची थोडी वाट पाहू शकते, पण मुदतीजवळ आले की चॅनेल कसाही असला तरी पाठवावेच लागते. त्यामुळे प्रत्यक्ष शेड्युलर साधारण असा चालतो: आधी संकेतांची पॅकेटे आणि चुकलेल्या पॅकेटांची पुनर्पाठवणी, मग आवाज आणि हमीचा दर असलेल्या सेवा, आणि उरलेल्या ब्लॉकांवर वजन दिलेली प्रपोर्शनल फेअर. नेमकी सूत्रे मानकात नसतात. प्रत्येक उपकरण-निर्माता ती आपल्यापाशी ठेवतो, आणि म्हणूनच एकाच शहरात एकाच तंत्रज्ञानाच्या दोन नेटवर्कांची वागणूक वेगळी दिसते.

गर्दीत आणखी एक भिंत आड येते, जी विद्यार्थ्यांच्या सिम्युलेशनमध्ये सहसा नसते. तुला हे ब्लॉक दिले आहेत, हे प्रत्येक मोबाइलला दर वेळी सांगावे लागते, आणि त्या सांगण्यालाही जागा लागते. एलटीईच्या २० मेगाहर्ट्झ कॅरियरवर त्यासाठी एका मिलिसेकंदातल्या १४ चिन्हांपैकी (वेळेच्या छोट्या तुकड्यांपैकी) पहिली जास्तीत जास्त ३ असतात. जवळच्या मोबाइलला ही सूचना या जागेच्या एका ठरावीक घटकात देता येते; कडेवरच्याला तीच सूचना पोहोचावी म्हणून आठ घटक खर्चावे लागतात. आषाढी वारीत पंढरपुरात हजारो लोक एकाच वेळी छोटे संदेश आणि फोटो पाठवू लागतात, तेव्हा डेटाचे ब्लॉक रिकामे असूनही सूचनांची जागा संपलेली असू शकते. अशा वेळी प्रत्येक मिलिसेकंदाला अनेकांना थोडे-थोडे देणारा शेड्युलर हरतो, आणि थोड्यांना एकदाच पुरेसे देऊन मोकळे करणारा तग धरतो. आवाजासाठी एकदाच जागा नेमून देऊन ती दर २० मिलिसेकंदाला न सांगता वापरण्याची सोय मानकात ठेवली आहे ती याच कारणाने.

५जीच्या ६४ अँटेनांच्या बेस स्टेशनवर एकाच ब्लॉकवर एकाच वेळी अनेकांना पाठवता येते, आणि मग प्रश्न 'कोण' वरून 'कोणता गट' असा होतो. ज्यांच्या दिशा एकमेकांपासून वेगळ्या आहेत त्यांचीच जोडी जमते. एकाच इमारतीतल्या दोघांना एकत्र घेतले तर दोघांचाही सिग्नल बिघडतो. तुमच्या वीस वापरकर्त्यांमधून चौघांचे ४,८४५ गट होतात, आठांचे १,२५,९७०. अर्ध्या मिलिसेकंदात हे सर्व तपासणे अशक्य आहे, म्हणून प्रपोर्शनल फेअरने पहिला निवडायचा आणि मग एकूण गुणोत्तर वाढवणारा एक-एक जण जोडत जायचे, अशी अधाशी पद्धत वापरतात. प्रकल्पाला वेळ उरला तर हा भाग करण्यासारखा आहे.

मोबाइलकडून टॉवरकडे जाणाऱ्या डेटाबद्दल एवढेच सांगतो की तिथे रांग मोबाइलमध्ये असते आणि ती किती लांब आहे हे बेस स्टेशनला मोबाइलने कळवलेल्या अंदाजावरूनच समजते. शिवाय कडेवरच्या मोबाइलची शक्ती संपलेली असते, त्यामुळे त्याला जास्त ब्लॉक देऊन दर वाढत नाही, तीच शक्ती अधिक रुंदीवर पातळ होते. टॉवरकडून मोबाइलकडे जाणाऱ्या डाउनलिंकचा शेड्युलर तसाच्या तसा या उलट दिशेच्या अपलिंकला लावू नका.

तुमच्या प्रकल्पात मी पुढील बदल करीन. भरलेल्या बफरचे निकाल ठेवा, पण त्यांच्याशेजारी मर्यादित आकाराच्या फायलींचे निकाल द्या, आणि फायली येण्याचा वेग असा निवडा की भार ०.३, ०.६ आणि ०.९ होईल. सीक्यूआयला ६ ते ८ मिलिसेकंदांचा उशीर द्या आणि दहात एक पॅकेट पहिल्या खेपेला चुकते असे धरा, कारण एलटीईमध्ये मोबाइल सीक्यूआय कळवतो तो दहा टक्के चुकीच्या मर्यादेवर. एकूण थ्रूपुटबरोबर सर्वांत मागच्या ५ टक्के वापरकर्त्यांचा दर आणि फाइल उतरण्याचा वेळ जवळच्या व कडेवरच्या गटांसाठी वेगवेगळा दाखवा. सरासरीची खिडकी किती होती, नव्याने आलेल्याची सरासरी कितीपासून सुरू केली आणि रांग रिकामी असताना तिचे काय केले, हे तीन तपशील अहवालात स्पष्ट लिहा. ते लिहिले नाहीत तर दुसऱ्या कोणालाही तुमचा आलेख पुन्हा काढता येणार नाही.